जमेची बाजू

वाणिज्य शाखेत प्रवेश घेतल्यावर अगदी सुरुवातीला जी काही तत्त्वे शिकवली जातात, त्यांत एक असे आहे की, जे पैशात मोजता येते तेवढेच हिशेबाच्या वहीत येते. दुकानात आलेली साखर वहीत येते. गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा दिवाणजी येत नाही. यंत्र येते, यंत्र चालवणाऱ्याच्या हाताची सफाई येत नाही. परीक्षेत या तत्त्वावर टीप लिहायला येते आणि तिला मार्कही बरे मिळतात. मात्र हे तत्त्व केवढे निष्ठुर आहे हे मला वर्गात कळले नाही. ते मला आमच्या चर्चचा जमाखर्च उतरवून काढताना कळले.

माझे गाव मिरजेच्या दक्षिणेला, सीमेच्या अगदी कडेला आहे. एका घरात मराठी वर्तमानपत्र येते आणि शेजारच्या घरात कन्नड. माझ्या घरात दोन्ही येतात, कारण वडिलांकडची माणसे मराठी आणि आई कन्नड. शाळा मराठी माध्यमाची झाली. आता बी. कॉम. साठी मी बेळगावात मामाकडे राहते आणि शनिवारी गाडीने घरी जाते. रविवारी सकाळी उपासनेला जायचे आणि दुपारी खजिनदारकाकांच्या ओसरीवर बसून मंडळीची रोजकीर्द आणि खतावणी स्वच्छ अक्षरात उतरवायची, हा गेल्या दोन वर्षांचा माझा नेम आहे. त्यांची दृष्टी अधू झाली आहे आणि माझे अक्षर बरे आहे, एवढेच त्याचे कारण.

आमची मंडळी मूळची प्रेस्बिटेरियन मिशनची. हा शब्द आमच्या कॉलेजातल्या पुष्कळांना अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगते. ख्रिस्ती धर्मात कारभाराच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. कुठे वरून बिशप नेमला जातो व तो कारभार पाहतो. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीचे सभासद आपल्यातून काही जाणती माणसे निवडतात व ती पाळकासह कारभार पाहतात. अशा अनेक मंडळ्यांच्या प्रतिनिधींची एक सभा, तिच्यावर आणखी मोठी सभा आणि सर्वांत वर सर्वसाधारण सभा अशी ती उतरंड असते. आपल्याकडच्या ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा या रचनेशी तिचे बरेच साम्य आहे. निवडलेल्या जाणत्या माणसाला ग्रीक भाषेत ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणत. त्यावरून हे नाव पडले. मराठी बायबलात या शब्दाला ‘वडील’ असा शब्द योजला आहे.

आता गंमत पाहा. मराठीत ‘वडील’ म्हटले की बाप डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यामुळे ‘आमच्या मंडळीत एक बाई वडील आहेत’ हे वाक्य कानाला खटकते, ऐकणारा हसतो. पण आईच्या माहेरी, कन्नड मंडळीत, याच पदाला ‘हिरियरु’ म्हणतात. हा शब्द आजोबांनाही चालतो आणि आजीलाही. तिथे बाई हिरियरु झाली तर निदान व्याकरण तरी आड येत नाही. आणि मराठीने तरी का यावे? जुन्या वळणाच्या घरांतून आजही ‘वडील बहीण’ म्हणतात, ‘वडीलधाऱ्या बायका’ म्हणतात. शब्दाला स्त्रीचे वावडे नाही. ते आपण नंतर चिकटवले आहे.

या पंथाची जन्मभूमी स्कॉटलंड. तिथे १५६० साली धर्मसुधारणा झाली आणि तिचा अध्वर्यू जॉन नॉक्स. या नॉक्सने त्याआधी दोनच वर्षे, १५५८ मध्ये, स्त्रियांनी राज्य करणे हे निसर्गाच्या व देवाच्या विरुद्ध आहे असे सांगणारी एक जळजळीत पुस्तिका लिहिली होती. तिचा रोख त्या वेळच्या कॅथलिक राण्यांवर होता. परंतु त्याच वर्षी इंग्लंडच्या गादीवर प्रॉटेस्टंट एलिझाबेथ आली, आणि ज्या राणीच्या मदतीची गरज होती तीच नॉक्सवर रुष्ट झाली! मुळातच असा दस्तऐवज असलेल्या पंथात बाईला व्यासपीठ सहज मिळेल अशी अपेक्षा करणे चूकच.

पण त्याच स्कॉटलंडातली दुसरी गोष्ट पाहा. १६३७ च्या जुलैत राजा चार्ल्स याने स्कॉटिश लोकांवर एक नवे प्रार्थनापुस्तक लादले. एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचायला सुरुवात होताच दंगल उसळली. परंपरा अशी सांगते की, जेनी गेडिस नावाच्या एका बाजारकरणीने आपले बसायचे स्टूल उचलून वाचणाऱ्याच्या दिशेने भिरकावले. जेनीच्या नावाला समकालीन पुरावा भक्कम नाही. पण दंगल झाली आणि तीत बायका पुढे होत्या हे खरे. पुढल्याच वर्षी देशभर राष्ट्रीय करारनाम्यावर सह्या झाल्या. म्हणजे ज्या पंथाच्या स्वातंत्र्याचा आरंभ लोक एका बाईच्या स्टुलापासून सांगतात, त्या पंथात त्या बाईला पुढे तीनशे वर्षे कारभारात जागा मिळाली नाही. ती बसायला स्टूल घरून आणत होती, ते घरूनच आणत राहिली.

आपल्या भागाशी या मंडळींचा संबंध जुना आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांची पत्नी मार्गारेट १८२९ साली पतीबरोबर मुंबईस आली. ती मराठी शिकली, तिने मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये ती मुंबईतच वारली. बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी पुढे पुण्याच्या स्कॉटिश फ्री चर्चचे पाळक झाले. विधवांच्या दुःखावरची त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ सालची. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेले काम १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्याच मिशनच्या डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे इस्पितळ उभे केले. कोल्हापूरच्या एका शाळेला आजही एस्थर पॅटन या मिशनरी बाईंचे नाव आहे.

या मोठ्या नावांच्या खाली ज्यांची नावे कुठेही नाहीत अशा बायकांचा एक थर होता. त्यांना बायबलबाई म्हणत. माझी पणजी त्यांपैकी एक. पांढरे लुगडे, खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, एक पाटी आणि खरजेचे मलम. ती गावोगाव पायी जाई. ज्या घरांत परक्या पुरुषाला उंबरा ओलांडता येत नसे, तिथे ती चुलीपाशी बसून बायकांना गीते शिकवी, अक्षरे गिरवून घेई, आजारी मुलाला मिरजेला न्यायला सांगे. पाळकाने रविवारी एकदा उपदेश करावा. पणजी आठवड्यातून सहा दिवस करी. पण त्याला उपदेश म्हणत नसत, ‘भेटी’ म्हणत. उपदेश व्यासपीठावरून होतो आणि व्यासपीठाला तीन पायऱ्या असतात. त्या पणजी कधी चढली नाही.

या साऱ्या कामाचा पैसा कुठून आला, हा माझ्या अभ्यासक्रमाला शोभेल असा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना मला जी हकीकत वाचायला मिळाली ती वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. १८७० नंतर अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन बायकांनी परदेशी कामासाठी स्वतःच्या संस्था काढल्या. गावोगाव सभा घेऊन, घरखर्चातून वाचवलेले लहान लहान रक्कमांचे पैसे गोळा करून त्यांनी शिक्षिका व डॉक्टर बायका परदेशी पाठवल्या. त्यांची स्वतःची कार्यालये होती, मासिक होते, हिशेब होते, आणि ते हिशेब चोख होते. पुढे या संस्था एक होऊन त्यांचे मोठे मंडळ झाले. १९२३ साली चर्चच्या पुनर्रचनेत हे मंडळ पुरुषांच्या मंडळात विलीन करण्यात आले. निर्णय झाला त्या सभेत बायकांना मत नव्हते, कारण त्या पाळक नव्हत्या आणि वडीलही नव्हत्या.

कंपनी कायद्यात आम्ही शिकतो की, ज्याने भांडवल घालून जोखीम पत्करली त्या समहक्क भागधारकाला मताचा अधिकार असतो. नुसते कर्ज देणाऱ्याला तो नसतो, पण त्याला निदान व्याज मिळते. या बायकांनी भांडवलही दिले, जोखीमही घेतली. मत नाही आणि व्याजही नाही. त्यांच्यात धुसफूस वाढली, तेव्हा चर्चने कॅथरीन बेनेट आणि मार्गारेट हॉज या दोन जाणत्या बायकांना तिची कारणे शोधायला सांगितले. १९२७ साली त्यांनी ‘चर्चमधील स्त्रियांच्या अस्वस्थतेची कारणे’ या अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल दिला. दोघींनी जन्मभर चर्चचीच सेवा केली होती, त्यामुळे त्यांना बंडखोर म्हणण्याची सोय नव्हती. जे आपण उभारले ते आपल्याला न विचारता बंद केले जाते, हे सुशिक्षित बाईला कसे पटावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्यानंतर प्रस्ताव आले. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मोठा बदल वरच्या सभेने एकटीने करता येत नाही. तो खालच्या विभागीय सभांकडे मतासाठी जातो. ही तरतूद उत्तम आहे, कारण त्यामुळे घाईला लगाम बसतो. परंतु त्या सभांत बसणारे सर्व पुरुष. दार उघडावे की नाही हे आत बसलेल्यांनी ठरवायचे आणि बाहेरच्याने पायरीवर वाट पाहायची! १९३० मध्ये अमेरिकेतील त्या चर्चने स्त्रियांना ‘वडील’ होण्याचा हक्क दिला. पाळकपणाचा प्रस्ताव मात्र फेटाळला गेला. तो हक्क मिळायला आणखी सव्वीस वर्षे लागली. १९५६ च्या ऑक्टोबरात मार्गारेट टाउनर यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. याहून लहान असलेल्या कंबरलँड प्रेस्बिटेरियन चर्चच्या केंटकीतील एका विभागीय सभेने १८८९ मध्येच लुइसा वूझली या बाईंना दीक्षा दिली होती. पण वरच्या सभांनी त्यावर वर्षानुवर्षे हरकत घेतली.

हे सर्व वाचून मी थक्क झाले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. मी थक्क झाले नाही, कारण ही हकीकत मी आमच्या खतावणीत आधीच वाचली होती.

आमच्या चर्चच्या मागे एक खोली आहे. तिला अजून ‘बायबलबाईंची खोली’ म्हणतात, कारण पणजी आणि तिच्यासारख्या आणखी दोघी तिथे राहत. पुढे तिथे महिला मंडळ भरू लागले. सोमवारी शिवणाचा वर्ग असे. लग्नकार्याला लागणारी मोठी पातेली, पराती, ताटे मंडळाने पैसे जमवून घेतली होती व ती भाड्याने दिली जात. शेंगदाण्याची चटणी, पापड, सांडगे विकून आणि सुगीच्या सणाच्या लिलावात हातभार लावून पोस्टाच्या पासबुकात मंडळाची शिल्लक साठली होती. पासबुक अर्थात मंडळीच्या नावाचे आणि सही खजिनदाराची; मंडळाला स्वतःची सही नव्हती.

एका सोमवारी बायका वर्गाला गेल्या तर दाराला नवे कुलूप होते आणि पातेली बाहेर ओट्यावर मांडून ठेवलेली होती. खोली खताच्या गोदामासाठी भाड्याने दिली होती. मंडळाची शिल्लक कुंपणाच्या भिंतीसाठी सर्वसाधारण निधीत वळवली होती. त्याची नोंद मीच पुढे स्वच्छ अक्षरात उतरवली : ‘महिला मंडळ निधी, सर्वसाधारण निधीत वर्ग.’ कुणी एक पैसा खाल्लेला नव्हता. भिंत खरोखर बांधली गेली, भाडे खरोखर येते, आणि हिशेब एका रुपयाने चुकलेला नाही. म्हणूनच त्या नोंदीवर बोट कुठे ठेवावे हे मला सापडेना. जमाखर्चाच्या शास्त्राप्रमाणे ती अगदी बिनचूक होती.

आईने पंचांना विचारले, ‘आम्हांला निदान सांगायचं तरी होतं.’ तिला उत्तर मिळाले, ‘ती बैठक वडिलांची होती, बाई.’ आई घरी येऊन कन्नडमध्ये एवढेच म्हणाली की, आमच्याकडे असे झाले असते तर त्या बैठकीत माझी आत्या बसलेली असती.

तेव्हापासून मंडळातल्या काही जणींनी ठरवले की, यंदा वडिलांच्या निवडणुकीत आईचे नाव द्यायचे. पाळकसाहेबांनी नियमावली काढून पाहिली. तीत ‘मंडळीचा पूर्ण सभासद’ असे शब्द आहेत. पुरुष असा शब्द कुठेही नाही. मनाई नियमात नव्हतीच, ती रिवाजात होती. नाव देण्यात आले आणि गावात कुजबुज सुरू झाली.

सर्वांत कडवा विरोध आमच्या घरातूनच आला. माझी आजी पणजीची सून. पन्नास वर्षे तिने शब्बाथशाळा चालवली. आज मंडळीचे जे वडील आहेत त्यांतल्या बहुतेकांना दहा आज्ञा तिनेच पाठ करून घेतल्या आहेत. ती आईला म्हणाली, ‘पद कशाला हवंय गं तुला? आम्ही पदाशिवाय केलंच की. खुर्ची मिळाली की माणसाचं गुडघं वाकत न्हाईत.’ मग तिने पणजीची एक आठवण सांगितली. एकदा पाळक आजारी पडले. मंडळी येऊन बसलेली. पणजी उठली आणि पहिल्या बाकाशेजारी, खाली जमिनीवर उभी राहून बोलली. ‘त्या खाली हुब्या ऱ्हायल्या म्हणून कुणाला ऐकू आलं न्हाई असं काही झालं न्हाई,’ आजी म्हणाली.

आजीचे हे म्हणणे मी सहजासहजी झटकू शकत नाही. तिच्या बोलण्यात जुनाटपणा नाही, अभिमान आहे. सेवेला पायरी लागत नाही हे तिचे जीवन आहे, आणि पद मागणे म्हणजे त्या जीवनाची किंमत कमी करणे असे तिला वाटते. शिवाय शास्त्राचाही प्रश्न आहे. पौलाच्या पत्रांत स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असे सांगणारी वचने आहेत आणि त्यांच्या आधारावर स्त्रियांना दीक्षा न देणारी प्रेस्बिटेरियन चर्चे आजही आहेत. अमेरिकेत १९७३ साली स्थापन झालेले एक मोठे चर्च त्यांपैकीच. ऑस्ट्रेलियाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने तर १९७४ मध्ये उघडलेले पाळकपणाचे दार १९९१ मध्ये पुन्हा लावून घेतले. त्या चर्चांतल्या सगळ्या बायका दबलेल्या आहेत असे समजणे त्यांचा अपमान होईल. पुष्कळ जणी विचारपूर्वक त्या मताच्या आहेत.

पण त्याच पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी फीबी नावाच्या बाईचा उल्लेख मंडळीची सेविका म्हणून केला आहे, आणि तिथे वापरलेला ग्रीक शब्द पुरुष सेवकांना वापरतात तोच आहे. प्रिस्किल्ला नवऱ्याच्या बरोबरीने एका विद्वानाला शिकवताना दिसते. ख्रिस्तात स्त्री-पुरुष भेद नाही असेही त्याच लेखणीतून आलेले आहे. दोन्ही प्रकारची वचने असताना एक प्रकार कारभाराचा नियम झाला आणि दुसरा प्रकार भिंतीवर टांगायची तसबीर झाला, ही निवड माणसांनी केली, असे मला नम्रपणे वाटते.

आणि जिथे हे झाले, तिथे आकाश कोसळले नाही. स्कॉटलंडमध्ये १८८७ साली स्त्रियांचे गिल्ड निघाले, पुढल्या वर्षी लेडी ग्रिसेल बेली पहिल्या डीकनेस झाल्या. काम दिले, निर्णय दिला नाही. एका लहान शाखेने, युनायटेड फ्री चर्चने, १९३५ मध्ये एलिझाबेथ बार यांना पाळक केले. १९६३ मध्ये मेरी लस्क या डीकनेस बाई चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सर्वसाधारण सभेपुढे उभ्या राहिल्या आणि मला देवाचे बोलावणे आले आहे, ते तुम्ही पारखून पाहा, अशी विनंती त्यांनी केली. १९६६ मध्ये तिथे स्त्रिया वडील होऊ लागल्या आणि १९६८ मध्ये पाळकपदाचा कायदा झाला. २००४ मध्ये ॲलिसन एलियट त्या सभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्या पाळक नव्हत्या, ‘वडील’ होत्या! नॉक्सच्या पुस्तिकेपासून इथवर यायला ४४६ वर्षे लागली. आपल्याकडे दक्षिण भारताच्या चर्चमध्ये, ज्यात १९४७ साली प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्याही सामील झाल्या, २०१३ मध्ये पुष्पा ललिता या पहिल्या स्त्री बिशप झाल्या.

मिझोराममधली एक गोष्ट मला फार आवडते. तिथल्या प्रेस्बिटेरियन बायका १९१० पासून रोजचा भात शिजवताना एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी वेगळा काढतात. मूठ मूठ करून आज त्याचे कोट्यवधी रुपये होतात. आजीला हे सांगितले तेव्हा ती खूष झाली. ‘बघ, पदाशिवाय झालं!’ मी म्हटले, ‘झालं खरं आजी. पण तो तांदूळ विकून काय करायचं हे ठरवताना त्यांना कुणी विचारायला नको का?’ आजी गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पातेली बाहेर मांडली तवा मला लई वाईट वाटलं व्हतं.’

मला वाटते, आजी आणि आई यांच्यातला वाद जिथे थांबतो ती जागा हीच आहे. बोलायला व्यासपीठ लागत नाही, हे आजीचे खरे. पण ठरवायला बैठकीत जागा लागते, हे आईचे खरे. पणजीचे बोलणे जमिनीवरूनही सर्वांना ऐकू आले. पण तिच्या खोलीला कुलूप लावायचे ठरले त्या बैठकीत तिच्या सुनेला किंवा नातसुनेला बोलावणे नव्हते. आईला व्यासपीठ नको आहे. ती म्हणते, मला फक्त कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचायचा आहे.

आमच्या शास्त्रात आणखी एक सोय आहे. ताळेबंदात जे आकड्यांनी येऊ शकत नाही ते त्याखाली टीप देऊन सांगता येते. यंदाचा जमाखर्च तयार करताना मी खजिनदारकाकांच्या परवानगीने खाली एक टीप जोडली : वर्षभर चर्चची झाडलोट कुणी केली, प्रभुभोजनाची भाकर कुणी भाजली, शब्बाथशाळा कुणी घेतली, आजाऱ्यांच्या भेटी कुणी घेतल्या, सुगीच्या सणाला पंगती कुणी वाढल्या. प्रत्येकीचे नाव, तिच्या स्वतःच्या नावासह, अमक्याची बायको असे नव्हे. काकांनी भिंग लावून ती वाचली. ‘याची बेरीज किती?’ त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘बेरीज येत नाही, काका. म्हणून तर टीप.’ त्यांनी थोडा विचार केला आणि खाली सही केली.

त्या रात्री मी ती टीप आजीला वाचून दाखवली. तिने डोळे मिटून सगळी नावे ऐकली. दोन नावे राहिली होती, ती सांगितली. मग म्हणाली, ‘सासूबाईंचं नाव कुठं हाय?’ मी समजावले की, हा एका वर्षाचा हिशेब आहे. त्या वर्षात ज्यांनी काम केले त्यांचीच नावे येतात.

‘मग तुमच्यात मागची बाकी पुढं ओढत न्हाईत का?’ आजीने विचारले.

मी ओढली. टीपेच्या सुरुवातीला ‘मागील बाकी’ असे लिहून पणजीचे आणि त्या खोलीत राहिलेल्या दोघींचे नाव घातले. मंडळीची वार्षिक सभा ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. आई निवडून येईल असे कुणी खात्रीने म्हणत नाही. नाही आली तर पुढच्या वर्षी पुन्हा नाव द्यायचे मंडळाने ठरवले आहे. आजी कुणाला मत देणार ते तिने अजून सांगितलेले नाही. मला मात्र सभासद म्हणून यंदा पहिल्यांदाच मत आहे आणि ते कुणाला द्यायचे हे ठरलेले आहे.